सरीसृप प्रदर्शनातून पहिला साप घरी आणताना

प्रदर्शनाला आम्ही निघालो त्या सकाळी घरातली काचपेटी दहा दिवस रिकामीच चालू होती. खाली एका बाजूला हीट मॅट, तिला जोडलेला थर्मोस्टॅट, दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा आणि पाण्याचे जड भांडे एवढाच संसार होता. रिकामी पेटी तापवत बसतो म्हणून घरात माझी यथेच्छ थट्टा झाली. परंतु त्या दहा दिवसांतच थर्मोस्टॅटचा सेन्सर जागचा सरकून मॅटवरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याचे माझ्या लक्षात आले. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर जाणवतोच असे नाही, तो तापलेल्या जागेवर तसाच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजून घेतो. सेन्सर चिकटपट्टीऐवजी पक्का बसवल्यावर उष्ण टोक ३० आणि थंड टोक २४ अंशांच्या आसपास स्थिर झाले, तेव्हाच आम्ही जाण्याचा दिवस ठरवला. पहिला साप घेणाऱ्याने साप आणल्यावर पेटी लावायला घेऊ नये, हे मी सर्वांत आधी सांगेन.

कोणता साप घ्यायचा हेही घरातूनच ठरवून निघालो होतो. बरोबर आलेल्या माझ्या भाचीला बॉल पायथन हवा होता, कारण तो घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो. तो स्वभावाने शांत असतो हे खरे, पण त्याला हवेत ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, तो कधीकधी महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाही आणि नीट सांभाळल्यास तीस वर्षेही जगू शकतो. नवख्या माणसाची झोप उडवायला त्याचा उपवास पुरेसा आहे. म्हणून आम्ही कॉर्न स्नेक घ्यायचे ठरवले. तो मुळातला अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पूर्ण वाढीला साधारण ९० ते १५० सेंटिमीटर, आयुष्य पंधरा ते वीस वर्षे, आणि मुख्य म्हणजे खाण्याच्या बाबतीत तो फारसे नखरे करत नाही. कोणती जात पाळण्यास परवानगी आहे हे देशागणिक बदलते, म्हणून आपल्या देशाचा कायदा निघण्यापूर्वीच पाहून घ्यावा. बॉल पायथनसह सर्व अजगर वन्यजीव-व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत कागदपत्रांचा प्रश्न अनेक ठिकाणी येतो.

दालनात शिरल्यावर पहिले अर्धा तास आम्ही खिशाला हात लावायचा नाही असे ठरवले होते आणि ते पाळणे अवघड गेले. लांबच लांब टेबले, त्यांवर भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यांच्या रांगा, प्रत्येक डब्यात ओलसर कागदावर बसलेला बोटाएवढ्या जाडीचा एकेक साप, आणि सगळ्यांत भडक रंगाचा डबा नेमका मुलांच्या नजरेच्या उंचीवर. एका टेबलावर ‘स्पायडर’ या रंगप्रकाराचा बॉल पायथन होता. त्याचे डोके सारखे एका बाजूला कलत होते आणि पाण्याचा थेंब शोधताना त्याचा नेम चुकत होता. विक्रेता म्हणाला, “ती त्याची लकब आहे.” ती लकब नव्हे; त्या रंगासोबत येणारा तो मज्जासंस्थेचा आनुवंशिक दोष आहे, आणि जो विक्रेता हे दडवतो त्याच्याकडून दुसरा कोणताही साप घेण्याची माझी तयारी नाही.

ज्या टेबलापाशी आम्ही शेवटी थांबलो तिथला माल दिसायला साधाच होता, पण प्रत्येक डब्याच्या झाकणावर अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, आतापर्यंतचे घास आणि शेवटची कात कधी टाकली ते पेन्सिलीने लिहिलेले होते. आमच्या पिल्लाच्या झाकणावर अकरा घासांची नोंद होती, शेवटचा पाच दिवसांपूर्वीचा. पहिले दोनतीन घासही न झालेले पिल्लू कितीही देखणे असले तरी नवख्याने घेऊ नये. तो गोठवून मग वितळवलेले अन्न खातो की जिवंतच लागते, पिंकी म्हणजे केस न आलेले उंदराचे पिल्लू खातो की त्याहून मोठे, आणि त्याची पैदास बंदिवासात झाली आहे की तो जंगलातून धरलेला आहे, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. धरून आणलेल्या सापांच्या अंगात बहुधा परजीवी असतात आणि बंदिवासात ते खायलाही कुरकुरतात.

साप हातात घेण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत, आणि दोन टेबलांच्या मध्ये पुन्हा करावेत. पिल्लू हातावर आले तेव्हा पोटाचे रुंद खवले बोटांच्या पेरांवर एकामागून एक टेकत पुढे सरकत होते आणि जीभ दर दोन क्षणांनी बाहेर येत होती. भाचीने विचारले, “मामा, आपण त्याला आवडलो की नाही ते कसं कळणार?” कळणार नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. पाहायचे ते वेगळेच असते: डोळे स्वच्छ, किंवा कात टाकण्यापूर्वी येणारा धुरकटपणा असेल तर दोन्हींत सारखा; तोंडाशी किंवा नाकाशी बुडबुडे नाहीत; श्वासाला शीळ किंवा घरघर नाही; पाठीच्या कण्यावरून बोट फिरवताना कुठे गाठ किंवा वाक लागत नाही; शेपटीच्या मुळाशी विष्ठा चिकटलेली नाही. शेवटी पांढऱ्या टिश्यू पेपरने अंग हलके पुसावे. कागदावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले आणि ते हलले, तर त्या माइट्स, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक परजीवी, आहेत. तो साप परत ठेवावा आणि त्या टेबलावरचे बाकीचेही सोडून द्यावेत.

साप घेतल्यानंतर प्रदर्शनात रेंगाळू नये. आम्ही थर्माकोलची पेटी नेली होती, डबा तिच्यात कापडाने गच्च बसवला आणि वाटेत कुठेही न थांबता घरी आलो. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर थोड्याच वेळात आतल्या सापाचा जीव जाऊ शकतो.

त्यानंतरची चूक माझी. एक आठवडा त्याला हात लावायचा नाही आणि अन्नही द्यायचे नाही, हे ठाऊक असूनही तिसऱ्या संध्याकाळी मी पिंकी वितळवली. तो लपण्याच्या जागेतून बाहेरही आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती टाकून द्यावी लागली. आठव्या दिवशी अंधार पडल्यावर चिमट्याने कोमट पिंकी पुढे धरली, तेव्हा त्याने झडप घालून दोन वेटोळे आवळले आणि गिळून झाल्यावर जबडा जागेवर आणण्यासाठी दोनदा लांब जांभई दिली. घास सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फारसा रुंद नसावा, आणि जेवणानंतर किमान ४८ तास त्याला उचलू नये, नाही तर घास उलटून पडतो. या वयात पाच ते सात दिवसांनी एक घास पुरतो.

पहिला महिना तळाला साधा कागदच ठेवावा, म्हणजे विष्ठा आणि माइट्स चटकन दिसतात. देवदाराचा भुसा कधीच वापरू नये. झाकणाला चिमटे लावावेत, कारण डोके मावेल एवढी फट कॉर्न स्नेकला पुरते. साप हाताळल्यावर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या भीतीने साबणाने हात धुणे सर्वांनाच आवश्यक आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊच नये. सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य मात्र साप आजारी पडण्याआधीच शोधून ठेवावा; सगळेच पशुवैद्य सापाला हात लावत नाहीत.

चौथ्या आठवड्यात डोळे निळसर धुरकट झाले, मी पेटीत ओलसर शेवाळाचा डबा ठेवला आणि काही दिवसांनी कात अखंड निघाली. डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांच्या दोन्ही टोप्या तिच्यात आहेत का ते उजेडात धरून पाहिले, होत्या. भाचीने ती पट्टीवर मोजली तेव्हा ४६ सेंटिमीटर भरली आणि साप एका महिन्यात एवढा वाढला म्हणून ती हरखली. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा नेहमीच लांब भरते, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले.