पॉइंट टू-टू अडते तेव्हा आधी काडतूस पाहावे

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की नेमबाजीच्या रेंजवर पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलांच्या तक्रारी वाढतात, आणि बहुतेक तक्रारींचा निष्कर्ष ठरलेला असतो : पिस्तूल बिघडले. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. या वर्गातील पिस्तूल अडले, तर दोष काडतुसात, मॅगझिनमध्ये (काडतुसे भरण्याच्या पेटीत) किंवा साचलेल्या मळात असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याचा पुरावा न फुटलेल्या काडतुसावर किंवा अडकलेल्या पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचावर, उमटलेला असतो. तो न पाहताच काडतूस डब्यात टाकून पुढची गोळी झाडली, की तपास तेथेच संपतो.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे या पिस्तुलांत वापरले जाणारे काडतूस १८८७ सालापासून चालत आले आहे. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मध्यभागी प्रायमरची स्वतंत्र टोपी असते. येथे मात्र पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत असते. कारखान्यात ते ओल्या स्वरूपात घालून पुंगळी वेगाने फिरवतात आणि ते कडेत सर्वत्र पसरेल अशी व्यवस्था करतात. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या, म्हणजे बॅरलमधील काडतूस बसण्याच्या जागेच्या, काठावर चेचते आणि बार होतो. कडेच्या एखाद्या भागात मिश्रण पोहोचलेच नसेल आणि पिन नेमकी तेथे पडली, तर पिस्तूल कितीही उत्तम असले तरी काडतूस फुटत नाही.

ट्रिगर दाबल्यावर नुसताच टक आवाज आला, तर पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित बार उशिरानेही होतो. त्यानंतर काडतूस बाहेर काढून उजेडात त्याची कड न्याहाळावी. पिनेचा ठसा खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. एकाच खोक्यातील अशी काडतुसे वारंवार निघाली तर तो लॉट बाजूला ठेवावा. ठसा उथळ असेल तर पिस्तुलाकडे वळावे. फायरिंग पिनेच्या खाचेत काजळी आणि जुने तेल मिळून चिकट थर बसलेला असतो, पिनेवर घाव घालणाऱ्या हॅमरची स्प्रिंग दमलेली असते, किंवा काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलेलेच नसते आणि पिनेचा जोर त्याला पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो. उथळ ठसे प्रत्येक मॅगझिनच्या पहिल्याच गोळीवर आढळत असतील, तर नेमबाज स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) हाताने हळूच पुढे नेत आहे असे खुशाल समजावे. स्लाइड पूर्ण मागे ओढून मोकळी सोडायची असते. तिला जपण्याची गरज नाही.

सरावासाठी रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबण्याची सवय मात्र जपून लावावी. ज्या पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय नाही, त्यात पिन चेंबरच्या काठावर आदळून तेथे खळगा पाडू शकते. मग कड चेचायला आधार उरत नाही आणि उचकटलेल्या धातूमुळे काडतूसही अडखळत आत जाते.

नेहमीपेक्षा दबका, फुसका आवाज आला तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत झाडू नये. पहिली गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते, म्हणून पिस्तूल रिकामे करून बॅरल तपासल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे.

काडतूस चेंबरपर्यंत न पोहोचण्याच्या तक्रारींत मॅगझिनचा वाटा फार मोठा असतो. या काडतुसाची कड बाहेर आलेली असल्यामुळे वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर स्लाइड कितीही जोराने आली तरी ते पुढे सरकत नाही. मॅगझिनच्या बाजूचे बटण खाली ओढून काडतुसे भसाभस आत सोडणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. बटण एका काडतुसापुरतेच खाली घ्यावे, प्रत्येक काडतूस खालच्याच्या पुढे कड ठेवून बसवावे आणि शेवटी मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटावी. परवान्यावर घेतल्या जाणाऱ्या पॉइंट थर्टी-टू पिस्तुलाच्या काडतुसालाही बारीक कड असते, त्यामुळे हे दुखणे तेथेही आढळते. मॅगझिनांवर क्रमांक घालून ठेवले, तर पिस्तूल नेहमी दोन क्रमांकावरच अडते हे एका सरावात कळते आणि बिचाऱ्या पिस्तुलावरचा आळ टळतो.

आता आपल्या हवेविषयी. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. पारा ४५ अंशांवर असताना बंद गाडीत ठेवलेल्या खोक्यातले हे वंगण मऊ होते, त्याला धूळ चिकटते आणि ती थेट चेंबरमध्ये जाते. घरात कूलरच्या वाऱ्याची खोली थंड असली तरी दमट असते. पिस्तूल आणि काडतुसे कुलूपबंद कपाटातच ठेवायची असली, तरी ते कपाट त्या खोलीत नसावे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट घडते : घट्ट तेल स्लाइडचा वेग कमी करते, तिला पूर्ण मागे जाता येत नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी अडकते. मंद वेगाच्या काडतुसांतही हेच दिसते, कारण स्लाइड मागे ढकलण्याइतकाच जोर त्यांत जेमतेम असतो. म्हणून पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालचा मळ काढावा, स्लाइडच्या खाचांना तेलाचा पातळ हात द्यावा आणि चेंबर कोरडा ठेवावा. तेल जास्त म्हणजे निगा जास्त, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

स्पर्धेत ही सगळी शहाणपणाची चौकशी करायला वेळ नसतो. विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनमध्ये ज्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात रौप्यपदक मिळवले, त्यात पाच गोळ्यांची फैर ८, ६ आणि शेवटी अवघ्या ४ सेकंदांत झाडावी लागते. पिस्तूल अडल्यास ते लक्ष्याच्या दिशेने धरून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट पाहायची; स्वतः स्लाइड उघडली तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही.

मॅगझिनचे वाकलेले ओठ, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर आणि स्प्रिंग ही कामे परवानाधारक आर्मररचीच, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचीच, आहेत. घरच्या पकडीने ओठ सरळ करू नयेत. त्याच्याकडे जाताना अडणारे मॅगझिन आणि उथळ ठशांची जवळून काढलेली छायाचित्रे सोबत न्यावीत, आणि न फुटलेली काडतुसे रेंजवरच जमा करून त्यांची नोंद करून घ्यावी.