चॅनल गेले कुठे? दापोलीतल्या आमच्या दुकानाची वाटचाल

दापोलीच्या बाजारपेठेत आमचं दुकान सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, रेडिओ दुरुस्तीसाठी काढलं. टीव्ही आले तसे ते अँटेनाकडे वळले. आमच्या भागात एक तर डोंगर आडवा, नाहीतर माड आडवे. त्यामुळे लोखंडी पाइपाला पाइप जोडत कौलांच्या वर जमेल तितकं चढायचं, अँटेना फिरवत राहायचं आणि वरून ओरडून विचारायचं, ‘आलं का?’ खालून उत्तर यायचं, ‘मुंग्या हायत, पण दिसतंय.’ तेवढ्यावर काम झालं असं धरायचे. मुंग्यांसकट रविवारचा पिक्चर बघणारी माणसं होती ती, आणि मुंग्यांबद्दल तक्रार करायला कोणी दुकानात येत नसे.

मी लग्न होऊन आले तेव्हा केबल आली होती. नानांनी स्वतःची कंट्रोल रूम, म्हणजे जिथून चॅनल लाइनवर सोडतात ती खोली, टाकली नाही. त्यात पैसा होता, पण भांडणंही होती. आम्ही केबलवाल्यांची लाइन ओढायची कामं घेतली. विजेचा खांब, मग आंब्याचं झाड, मग कोणाच्या तरी पडवीचा वासा, अशी लाइन जायची. मी बिलं लिहायला बसले, हळूहळू फोनही माझ्याकडे आला. आज दुकान माझ्या नावावर आहे. छपरावर आमचे हे आणि धाकटे भाऊजी चढतात. बिघाड कुठे असेल याचा अंदाज मात्र ते निघण्याआधी मी फोनवर बांधून देते, आणि आमचा धंदा टिकला तो मुख्यतः त्या अंदाजावर.

डिजिटलची कुणकुण आम्हाला चाकरमान्यांकडून लागली. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग केबल, म्हणजे बॉक्सशिवाय चालणारी जुनी केबल, बंद झाली. पुढच्या सुट्टीत लोक तिकडचे सेट टॉप बॉक्स पिशवीत घालून गावी आले आणि आमच्या लाइनला जोडून बघायला लागले. एकही चालला नाही, चालणारही नव्हता. केबलचा बॉक्स ज्या कंपनीच्या कंट्रोल रूमशी बांधलेला असतो, तिच्याच लाइनवर तो उघडतो. हे समजावताना माझा घसा बसायचा. आमच्या शहराला ॲनालॉग बंद करायची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५, आणि आजूबाजूच्या गावांची शेवटची तारीख पुढे ढकलत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. मधल्या काळात एकाच वाडीत एका घरी बॉक्स, शेजारी ॲनालॉग आणि पलीकडे छत्री, म्हणजे डिश अँटेना, असा कारभार होता.

खरा गोंधळ उडाला तो बॉक्स बसल्यावर. ॲनालॉगमध्ये सिग्नल अशक्त झाला की चित्र हळूहळू बिघडायचं. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त, मग रंग जायचा. माणसाला आठवडाभर आधी कळायचं की वायरमनला बोलवावं लागणार. डिजिटलमध्ये बॉक्सला पुरेसा सिग्नल आहे तोवर चित्र स्वच्छ. थोडा कमी पडला की चौकोन पडतात, आवाज तुटतो, आणि त्याच्याही खाली गेला की काळा पडदा. जोड महिनोन्महिने गंजत असतो, पण घरच्यांना वाटतं की एका रात्रीत झालं. ‘काल रात्री मालिका बघितली वो आम्ही’ हे ते खरंच सांगत असतात. म्हणून आम्ही दुरुस्तीला गेलो की चित्र आलं म्हणून निघत नाही. सिग्नलची ताकद मोजणारं डीबी मीटर लावून आकडा बघतो. काठावरचा आकडा म्हणजे पहिल्या पावसात पुन्हा फोन, आणि तो फेरा फुकटचा.

फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, ‘सगळे गेले की काही?’ सगळे गेले असतील तर काम सोपं असतं: वायर, ॲडॉप्टर, छत्री हललेली, नाहीतर टीव्हीचा सोर्स बदललेला. नातवाने रिमोट खेळायला घेतला होता का, हेही मी विचारतेच. काहीच गेले असतील तर मात्र मी म्हणते, कागद-पेन घ्या आणि गेलेल्या चॅनलांचे नंबर लिहून काढा. लोकांना याचा राग येतो. यांना दुरुस्तीला बोलावलं तर या आम्हालाच अभ्यास देतात!

पण सगळं त्या यादीत असतं. केबलवर एका फ्रिक्वेन्सीवरून दहा-वीस चॅनल एकत्र येतात. बॉक्सवरचे नंबर भाषेप्रमाणे, विषयाप्रमाणे लावलेले असतात, त्यांचा फ्रिक्वेन्सीशी संबंध नसतो. म्हणून एक मराठी बातम्यांचं, एक भजनांचं, एक प्राण्यांचं आणि दोन तमिळ, असे कुठलेकुठले चॅनल एकदम गेलेले दिसतात आणि माणूस चक्रावतो. माझ्याकडे वही आहे, तिच्यात कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय येतं ते लिहून ठेवलंय. यादी तिच्याशी ताडली की निम्मा शोध लागतो. वरच्या फ्रिक्वेन्सी गेल्या असतील तर बहुधा लाइन लांब पडलीय, वायरीत पाणी शिरलंय किंवा कोणीतरी बाजारातून हलका स्प्लिटर आणून दुसऱ्या खोलीत टीव्ही जोडलाय. उलट वरचे सगळे ठणठणीत आणि खालचेच गेले असतील, तर मधली तांब्याची तार कुठेतरी तुटलीय किंवा नीट टेकत नाहीये. बारीक फटीतून वरच्या फ्रिक्वेन्सी उडी मारून जातात, खालच्यांना ते जमत नाही. हे मला भाऊजींनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. मग त्यांनी दुकानातच तार कापून मीटरवर दाखवलं.

छत्रीचं गणित वेगळं. खासगी डीटीएचवर, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत चॅनल देणाऱ्या कंपन्यांच्या सेवेवर, अर्धे चॅनल उभ्या लहरींवर आणि अर्धे आडव्या लहरींवर असतील, तर एलएनबीला (छत्रीच्या दांडीवरचा लहरी पकडणारा डबा) कुठल्या घ्यायच्या ते बॉक्स वायरीतून व्होल्ट पाठवून सांगतो: उभ्यासाठी १३, आडव्यासाठी १८. वायरीचा जोड गंजला किंवा ॲडॉप्टर म्हातारा झाला की १८ व्होल्ट वरपर्यंत पोचतच नाहीत. एलएनबी १३ समजून उभ्यावरच बसून राहतो आणि आडव्यावरचे सगळे चॅनल गायब.

हर्णैला बंदराजवळच्या एका घरी नेमकं हेच झालं होतं. आधी येऊन गेलेल्या माणसाने त्यांना एलएनबी बदलायला लावला होता, नंतर बॉक्सही. काकूंनी दोन्हीची बिलं डब्यात जपून ठेवली होती. ह्यांनी वर जाऊन वायरीच्या टोकाचा एफ कनेक्टर सोडवला तर आत हिरवी भुकटी. तार इतकी खाल्लेली की नखाने टोचल्यावर तुटली. वायर वीतभर मागे कापली, चकचकीत तार लागेपर्यंत सोलली, नवा कनेक्टर दाबून बसवला, वर रबरी टेप गुंडाळला. आडव्यावरचे सगळे चॅनल परत आले. काकू म्हणाल्या, ‘मग तो बॉक्स कशाला घ्यायला लावला मेल्याने?’ आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं, आणि दुसऱ्याच्या धंद्याबद्दल गिऱ्हाइकाच्या पडवीत बसून बोलू नये ही नानांची शिस्त आहे.

खारी हवा हा आमच्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू. हर्णै, मुरूड, आंजर्ले या पट्ट्यात साधा कनेक्टर दोन पावसाळे काढत नाही. तिथे आम्ही आत ग्रीस भरतो आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ देतो, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं, आत शिरत नाही. दुसरा शत्रू माड. फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. दापोलीतून तो आग्नेयेला, आकाशात साठ अंशांच्या आसपास उंच लागतो. छत्री बसवताना समोरचा माड छोटा असतो. सहा-सात वर्षांनी त्याची झावळी बरोबर वाटेत येते. उन्हाळ्यात टीव्ही चालतो, पावसात ओली झावळी समोर डोलायला लागली की चित्र जातं-येतं. असा बिघाड घरात बसून सापडत नाही. छत्रीमागे उभं राहून तिच्या नजरेने वर बघावं लागतं.

शिमग्याच्या सुमारास, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याकडे, आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीस-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपार व्हायच्या आधी काही मिनिटं चित्र फुटतं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि छत्रीत त्याचाच गोंगाट भरतो. पाच-दहा मिनिटं चहा प्या, आपोआप येईल, एवढंच सांगते. त्यासाठी माणूस पाठवून फेरीचे पैसे लावणारे आहेत. आम्ही लावत नाही.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर जे झालं त्यात तर बिघाड नव्हताच. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले. १०० चॅनलपर्यंत १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचे चॅनल ज्याने-त्याने निवडायचे. ज्यांनी फॉर्म भरला नाही त्यांचे नेहमीचे चॅनल बंद. त्या महिन्यात दुकानासमोर उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांची एकच तक्रार, ‘चॅनल गेले.’ तेव्हापासून मी दुसरा प्रश्न विचारायला लागले: ‘पडद्यावर काय लिहून आलंय?’ सिग्नल नाही असं आलं तर आमचं काम, चॅनल घेतलेला नाही असं आलं तर केबलवाल्याचं किंवा कंपनीचं. साधा फरक आहे, पण त्याने आमच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या. एक आजोबा रोज येऊन बसायचे. त्यांना फक्त बातम्या आणि कीर्तन हवं होतं आणि अख्खा पॅक घ्यायचा नव्हता. त्यांची यादी मीच करून दिली. आधीच्या बिलापेक्षा कमी झालं म्हणून ते खूश होते, घरच्या सुना नव्हत्या.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं. त्याबद्दल फार लिहवत नाही. छपरंच उडाली तिथे छत्र्यांचं काय! वीज यायलाच कित्येक गावांना आठवडे लागले, त्यात लॉकडाऊन. आम्ही वाकलेल्या छत्र्या गोळा करून आणल्या. ठोकून सरळ केलेली छत्री डोळ्यांना गोल दिसते, पण मीटरवर आकडा देत नाही, हे तेव्हा पक्कं समजलं. चालणारे एलएनबी धुऊन-पुसून परत दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. नव्या छत्र्या चिरेबंदी भिंतीला बोल्ट मारून लावल्या. पत्र्यावर आता लावतच नाही.

त्यानंतर जुना अँटेनाही संपला. दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. प्रसार भारतीने जाहीर केलेल्या वेळापत्रकात ऑक्टोबर २०२१ अखेर १५२, डिसेंबरअखेर १०९ आणि मार्च २०२२ अखेर १५१ होती. मोक्याच्या जागची पन्नासेक तेवढी राखली. दूरदर्शनचं जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं होतं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, आमच्याकडे त्याचा उपयोग नव्हता. म्हणून ज्यांना महिन्याचा खर्च नको त्यांच्यासाठी फ्री डिश. तिची छत्री एकदाच घ्यायची, पुढे काही नाही. पण तिच्यावरच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे चॅनल येतात, जातात, जागा बदलतात. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे हिंदी चॅनल गेले, मग परत आले, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेले. दर वेळी लोक बॉक्स घेऊन दुकानात. पुष्कळदा मेन्यूत जाऊन ऑटो सर्च मारला की नवे चॅनल मिळतात. न मिळाल्यास बॉक्स चित्र दाबून पाठवायच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीचा आहे का ते बघते, कारण काही चॅनल फक्त नव्या एमपेग-४ मध्ये येतात आणि ते जुन्या बॉक्सला दिसणारच नाहीत. तेव्हा नवा बॉक्स घ्या म्हणते, त्याआधी नाही. यावर भाऊजींचं आणि माझं वाजतं. त्यांचं म्हणणं, बॉक्स विकण्यात चार पैसे सुटतात, ऑटो सर्चमध्ये काय सुटतं? बरोबर आहे त्यांचं. म्हणून ऑटो सर्चचे थोडे पैसे घ्यायला आम्ही सुरुवात केली. लोक हसत देतात.

आता टीव्हीला इंटरनेट लागलंय आणि केबलवाल्यांचा धंदा उतरणीला आहे. आम्ही फायबर जोडायचं मशीन घेतलं, हप्ते चालू आहेत. मुलगा ते काम शिकलाय. तरी गणपतीत दुकान चॅनलवाल्यांचंच असतं. वर्षभर बंद असलेली घरं एकदम उघडतात, उंदराने वायर खाल्लेली असते, रिचार्ज केव्हाच संपलेला असतो. मुंबईहून रिचार्ज करून निघालेल्यांचाही टीव्ही लागत नाही, कारण बॉक्स बंद होता आणि कंपनीने पाठवलेला संदेश त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. म्हणून चाकरमान्यांना विनंती: घरात आल्यावर आधी बॉक्स चालू करून कंपनीचा एखादा चॅनल लावून ठेवा, मोबाइलवरून रिफ्रेश मारा आणि अर्धा तास जाऊ द्या. तरीही नाही आलं तर पडद्यावरच्या मजकुराचा फोटो काढा, गेलेल्या चॅनलांचे नंबर लिहा आणि मग मला फोन करा. आरतीच्या वेळात मात्र उचलणार नाही.