मोगऱ्याच्या चहाचा डबा

दुपारी पांढरं बटण शोधायला डबा उघडला. मूळचा हा चहाचा डबा. चहा संपून वर्षं झाली, तरी बटणांना अजून मोगऱ्याचा वास येतो. झाकणावरची चार चिनी अक्षरं मी आजवर नक्षीच समजत होते. लेक ऑफिसच्या कामासाठी चिनी शिकतेय, तिने वाचून दाखवली. ‘मो-ली-हुआ-छा, आई.’ मो-ली म्हणजे संस्कृतातून तिकडे गेलेली आपलीच मल्लिका. हुआ फूल, छा चहा.

लहानपणी बाई ‘ग गणपतीचा’ म्हणायच्या तेव्हा मी पाटीवरच्या ग मध्ये सोंड शोधायचे. डोळे बारीक केले की सापडायचीही. अडले ते ‘ण बाणाचा’पाशी. बाकीची अक्षरं आपापल्या शब्दात पुढे, हाच बिचारा शेवटी का? आजी म्हणाली, ‘गिरव मुकाट्याने, पानं घेतली आहेत.’

चिनी पोरांचं बरं. ‘घर’ लिहायचं तर वर छप्पर नि खाली चक्क डुक्कर. (आजीने पाटीच धुऊन घेतली असती.) झाड दोनदा काढलं की रान, तीनदा काढलं की अरण्य. मी खूश झाले, तर लेकीने रंगाचा बेरंग केला. म्हणे बहुतेक अक्षरं अशी नाहीतच. एक तुकडा अर्थाचा, दुसरा उच्चाराचा. जी चित्रं होती त्यांनाही बिऱ्हाडं बदलावी लागली. गव्हाच्या रोपाचं चित्र ‘येणे’ने जवळच्या उच्चारापायी उसनं घेतलं, ते परत केलंच नाही. गहू आता तेच रोप खाली एक पाऊल जोडून लिहितात. विंचू दहा हजारांच्या आकड्यात गेला. नाकाचं चित्र ‘स्वतः’ने बळकावलं, कारण तिकडे ‘मी’ म्हणताना बोट नाकाकडे जातं. मग खऱ्या नाकाला खाली आणखी एक अक्षर चिकटवून नवा संसार मांडावा लागला. आमच्या वाड्यात कुळांनी मालकाला माळ्यावर धाडलं होतं, त्यातलाच प्रकार.

ही जुनी चित्रं चीनमधल्या अन्यांग गावच्या जमिनीत, हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर (बहुतेक पोटाकडच्या) कोरलेली होती, तीन हजार वर्षांहून जुनी. १८९९ मध्ये वांग यीरोंग या विद्वानाने ती ओळखली. तोवर ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून लोक ती औषधात कुटून घेत होते. किती अक्षरं अशी पोटात गेली असतील!

हुआचीही तीच गत. फुललेल्या झाडाचं जुनं अक्षर वैभवाकडे गेलं, तिथून चीन देशाकडे. फुलासाठी दुसरं घडवावं लागलं, ते माझ्या डब्यावर आहे. जुनं हुआ मात्र सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांच्या चिनी नावात आहे: को-दी-हुआ. १९३८ मध्ये इथून पाच डॉक्टर युद्धातल्या जखमींच्या मदतीला चीनला गेले, पाचांनीही नावाशेवटी हुआ लावून घेतलं. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. मुलगा अजून मांडीवरचा. त्याचं नाव यिन-हुआ, म्हणजे भारत आणि चीन. पण भारताचा हा यिनही उच्चारापुरता उसनाच. त्याचा आधीचा अर्थ शिक्का, मोहोर.

मोहोर आणि फूल.

बटण काही सापडलं नाही. निळंच लावलं.