हंगामाचा सण आणि लिलावातली कोंबडी

नाताळ सगळ्यांचाच लाडका. मला मात्र बेळगावातला आमच्या चर्चचा हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस, जास्त आवडायचा. हे पाळकसाहेबांसमोर बोलायची सोय नव्हती. खानापूर बाजूला भात कापून झालं की तो रविवार ठरायचा. १८२० साली लंडन मिशनची माणसं या गावात आली, तेव्हापासून किती सुग्या झाल्या असतील कोण जाणे.

वेदीपुढे नव्या भाताच्या लोंब्या, ऊस, रताळी, शेवग्याच्या शेंगा मांडलेल्या असायच्या. ज्यांना जमीन नाही त्या मावश्या परड्यातली अंडी आणायच्या, नाहीतर घरी शिवलेल्या पिशव्या. पाय बांधलेली एखादी कोंबडी असायचीच आणि नेमकी प्रार्थनेत ओरडायची. पेटीवर नारायण वामन टिळकांची भजनं रंगायची. मागच्या बाकांवरचे कानडी बोलणारेही ती पाठ म्हणायचे.

एका वर्षीचा उपदेश अजून लक्षात आहे. विषय बायबलमधल्या गिदोनाचा. मिद्यानी लुटारूंच्या भीतीनं तो द्राक्षकुंडात, म्हणजे द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात, लपून गहू झोडत होता, आणि तिथंच देवाचा दूत त्याच्याकडे आला. एवढ्यात बाकावरचे एक शेतकरी काका उठून म्हणाले, "पाळकसाहेब, खड्ड्यात वारा कुठला? उफणणी कशी व्हायची?" सगळे हसले. पाळकसाहेब मात्र खूश झाले. म्हणाले, "तेच सांगतोय की! इतक्या अडचणीत काम करणाऱ्याला देवानं शूर वीर म्हणून हाक मारली." पुढचा अर्धा तास ते काय बोलले ते आठवत नाही. (ते लांबण लावायचेच.)

मग साक्षी, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं. आमचे एक कंडक्टर दादा म्हणाले, "देव रविवारी देवळात भेटतो असं मला वाटायचं. पण तो रोज माझ्या गाडीत चढतोय आणि सुट्टे पैसे मागतोय. दिले नाहीत तर रात्री झोप लागत नाही." महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी स्वयंपाकाच्या मांडवातल्या आजींनाही साक्ष द्यायला बोलावलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "मी इथनंच प्रार्थना करते गे. रस्सा लागला तर साक्ष कोण ऐकणार?" त्या दिवसातली ती सगळ्यात छोटी साक्ष, आणि माझ्या मते सगळ्यात खरी.

शेवटी वेदीपुढच्या दानाचा लिलाव, तो मात्र सगळ्यांचा. "ओंदु सारी, एरडु सारी..." अशी कानडीत बोली चालायची आणि भांडण मराठीत. रताळ्यांची एकच टोपली कुणी घ्यायचं, परत दान करायचं, ती पुन्हा लिलावाला यायची. आम्ही शब्बाथ शाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेची, पोरं खाऊचे पैसे एकत्र करून कोंबडीवर बोली लावायचो. दर वर्षी हरायचो, कारण कंडक्टर दादांना कोंबडी हवीच असायची. पैसे मोजताना ते सुट्टे मात्र बरोब्बर द्यायचे.