लाइपझिगच्या सूतगिरणीत, ओल्या रंगासमोर

बर्लिन आणि ड्रेस्डेन मी निवांत पाहिले, पण लिहावेसे वाटते ते लाइपझिगमधल्या एका दुपारीविषयीच. शहराच्या पश्चिमेला प्लागवित्झ भागात ट्राममधून उतरून थोडे चालले की लाल विटांच्या इमारतींचा विस्तीर्ण पसारा लागतो. १८८४ साली सुरू झालेली ही सूतगिरणी एके काळी युरोपातील सर्वांत मोठ्या गिरण्यांमध्ये गणली जात होती. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर चात्या थांबत गेल्या आणि रिकाम्या खात्यांत चित्रकार आले. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहताना पाहिलेल्या मला त्या भिंतींना हात लावल्यावाचून राहवले नाही.

खालच्या एका दालनात इतकी गर्दी होती की पेले हातात घेऊन चित्रांकडे पाठ करून उभ्या असलेल्या लोकांमुळे एकही चित्र धड दिसेना, आणि मला खरोखरच राग आला. म्हणून मी जिना चढून वर गेलो. एका स्टुडिओचे दार उघडे होते आणि जवसाच्या तेलाचा, टर्पेंटाइनचा वास पार जिन्यापर्यंत येत होता. आत एक चित्रकर्ती दोन माणसे उंच कॅनव्हाससमोर उभी होती. तिने मानेनेच आत या म्हटले.

मी कला शिकलो ते कल्पनेलाच कलाकृती मानण्याच्या काळात. कल्पना हेच कला घडवणारे यंत्र होय, असे अमेरिकी कलाकार सोल लेविट यांनी १९६७ साली लिहिले होते, आणि आमच्या वर्गात तेच प्रमाण होते. त्यामुळे प्रदर्शनात गेलो की आधी भिंतीवरचा मजकूर वाचायचा, ही सवय माझ्या डोळ्यांना जडली. इथे मजकूरच नव्हता. पिवळ्या कोटातला एक माणूस होता, त्याच्यामागे त्याच्याहून लहान घर होते, आणि त्या दोघांचा संबंध मला रंगातूनच शोधावा लागत होता.

असे चित्र इथेच का टिकले, याला कारण आहे. लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होते, आणि तिथे वेर्नर ट्यूबके, बेर्नहार्ड हायझिग यांच्यासारखे चित्रकार-शिक्षक मानवाकृतीचे रेखाटन कसोशीने शिकवत राहिले. बर्लिनच्या भिंतीने आमच्या कलेचे योझेफ बॉइस या कल्पनेला महत्त्व देणाऱ्या पश्चिम जर्मन कलाकाराच्या प्रभावापासून रक्षण केले, अशा अर्थाचे त्याच परंपरेतले चित्रकार-शिक्षक आर्नो रिंक बोलले होते. त्या भिंतीची किंमत माणसांनी मोजली, त्यामुळे हे विधान मला आजही अस्वस्थ करते. तरीही रिंक यांचे विद्यार्थी, चित्रकार निओ राउख जेव्हा जगभर पाहिले जाऊ लागले, तेव्हा पश्चिमेत संपली म्हणून सांगितली गेलेली विद्या त्यांच्या हातात शाबूत होती, हे नाकारता येत नाही. राउख यांचा स्टुडिओही याच गिरणीत आहे.

उंच खिडक्यांतला उजेड उतरेपर्यंत मी तिथेच उभा होतो. कोटाची उजवी बाही तीनदा खरवडून पुन्हा रंगवली आहे, असे चित्रकर्तीने सांगितले, आणि मी निघालो तेव्हा ती सुरीने चौथ्यांदा तोच रंग काढू लागली होती.