कोपरे फुटलेत का?

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात पारा ४३ वर, पंखा लावला की नोंदींचे कागद उडतात आणि बंद केला की घाम टपकतो. पुढ्यात मेघालयातल्या उम सोह्रिंग्क्यू नदीच्या शेलची, म्हणजे गाळ घट्ट होऊन बनलेल्या खडकाची, स्लाईड; त्यातले सूक्ष्म सागरी जीवाश्म शोधायचे. आपल्या अंगणातला काळा कातळ त्याच सुमाराला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, लाव्हा म्हणून वाहत होता. पण त्यात सागरी जीवाश्म कुठले? त्यामुळे नमुने असे लांबून मागवावे लागतात.

स्लाईड करणं सोपं. चिमूटभर भुगा टूथपिकनं पाण्यात कालवायचा, काचेवर पसरायचा, वाळवून झाकायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली १००० पट करून बघत बसायचं, मान मोडेस्तोवर.

साडेतीनच्या सुमाराला तो दिसला. सहा-सात मायक्रॉनचा चौकोन, बाजू आत दबलेल्या, कोपरे बाहेर ओढलेले. मिक्युला! समुद्री गाळातला कॅल्साइटचा सूक्ष्म जीवाश्म. पण कुठल्या जातीचा? कोपरे नुसतेच ताणलेले असतील तर म्युरस. टोकं दुभंगलेली असतील तर प्रिन्सी, पर्श-नील्सन यांनी १९७९ मध्ये नाव दिलेली जात. ही क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटच्या काही लाख वर्षांतच भेटते, म्हणून तिच्यावरून थराचं वय बांधता येतं. पोलरायझर घालून स्टेज, म्हणजे स्लाईडखालची बैठक, फिरवली. एक कोपरा फुटल्यासारखा वाटला. वाटला, एवढंच. वरून कॅल्साइट चढलं की म्युरसचे कोपरेही असेच वेडेवाकडे दिसतात, आणि मनात प्रिन्सी असला की डोळेही लाचार होतात.

"सर, लाईट गेली की ओ!"

अंधारात हात आपसूक स्लाईडकडे गेला. काढली, तेल पुसलं, डबीत ठेवली. स्टेजवरच्या पट्टीचे आकडे लिहायचे राहिलेत, म्हणजे स्लाईडवरची ती जागा आता सापडणं कठीण, हे डबी बंद केल्यावर ध्यानात आलं. याच चुकीवरून मी दरवर्षी पोरांना झापतो. माझी विद्यार्थिनी खिडकीबाहेर बघत राहिली, बिचारी हसली नाही.

लाईट आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून. सात वाजेपर्यंत तीन मिक्युला मिळाले. एक गुळगुळीत म्युरस. उरलेल्या दोघांचे चारही कोपरे टोकाशी दुभंगलेले, शेळीच्या खुरासारखे, कडा स्वच्छ. तिलाही बसवून दाखवले, आधी काहीच न सांगता. तिनं वहीत चित्र काढलं, चारही टोकं फोडून.

"सर, पहिला हाच होता का ओ?"

"नाही. तो गेला. याचे आकडे लिही आधी."