उन्हाळ्यातली चिडचिड रात्रीपासून सुरू होते

सांगली, २ मे, रात्री साडेदहा

भिंतीला हात टेकला तर अजून ऊब लागते आहे. वारा पडलेला.

पारा चाळिशीला टेकला की घरोघरी आवाज चढतात आणि दोष स्वभावाला दिला जातो. मुलांची सुट्टी, लग्नसराईचा खर्च, पाण्याच्या वेळा ही कारणं खरीच आहेत. तरी मी सगळ्यात आधी झोपेचं विचारेन. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. खोलीच तापलेली असली की झोप तुटत राहते. मग सकाळी भांडं पडल्याचा आवाजही सोसत नाही.

खोली तापते ती स्लॅबमुळे. चार-पाच इंच काँक्रीटमधून ऊन खाली उतरायला काही तास जातात, म्हणून वरच्या मजल्यावर भर दुपारपेक्षा संध्याकाळनंतर जास्त घुसमटतं. गच्चीला चुना लावणं हा स्वस्त आणि खरा उपाय. विझवलेला चुना रात्रभर भिजवायचा, गाळून ताकाएवढा पातळ करायचा, चिकटायला थोडा फेव्हिकॉल घालायचा आणि दोन हात द्यायचे, दुसरा पहिला सुकल्यावर. गच्ची आधी झाडून धुतली नाही तर धुळीवर बसलेला चुना पापुद्र्यांनी निघतो. डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. पाणी पुरेसं असेल तर सूर्य मावळल्यावर गच्चीवर ओली गोणपाटं पसरावीत.

कूलर लावून खिडक्या गच्च बंद करणं ही नेहमीची चूक. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. ती दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर तासाभरात अंग चिकट होतं. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर हवा आधीच ओली असते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

निजण्याआधी अंघोळ साध्या पाण्याने. बर्फासारखं पाणी घेतलं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. चहा चारनंतर नको. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो.

डोक्यात हिशेब फिरत असतील तर दिवेलागणीला पंधरा मिनिटं वहीत लिहावेत: काय सतावतंय आणि उद्या त्याबद्दल कुठलं एक काम करायचं. अंथरुणात वही घेतली तर उलट जाग येते. पडल्यावर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. छातीत ताण वाटला तर आकडे कमी करावेत, श्वास ओढून धरू नये.

पैशाची, जमिनीची बोलणी बारा ते चारमध्ये काढूच नयेत. सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरताना तेच विषय निम्म्या आवाजात होतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने लिहून ठेवते. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी उन्हाळ्यात कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढतं: हात जास्त थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. अशा वेळी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना लगेच फोन करावा. आणि उन्हात राबून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजत असलं, तर त्याला टेन्शन म्हणून सोडू नये. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

नुसतंच मन भरून आलं, झोप आठवडाभर नाही, तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.